माळ्यावरच्या कॅसेटी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातले शब्द बहुतेक तसेच ठेवले आहेत.)



स्मरणिका समितीनं मला सांगितलं, ‘भाऊ, पंधरा मिनिटं बोला, विषय तुमच्या मनाचा. फक्त पार्किंग आणि पाण्याची मोटर सोडून.’ ते दोन सोडले तर मला एकच विषय येतो. म्हणून मी कॅसेटींवर बोलणार आहे.

तुमच्यातले निम्मे लोक मला कॅसेटमुळेच ओळखतात. आधी धुळ्याला आग्रा रोडच्या मागच्या एका गल्लीत उमेदवारी केली, मग जळगावात रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान टाकलं. बाहेर पाटी होती, ‘कॅसेट भरून मिळेल’. माझ्या नातवाला हे वाक्यच कळत नाही. तो विचारतो, आजोबा, कॅसेटमध्ये काय भरायचे, शेव? तर लहान मंडळींसाठी सांगतो. गिऱ्हाईक वहीच्या कागदावर पंधरा-वीस गाण्यांची यादी घेऊन यायचं आणि आम्ही ती गाणी त्याच्या कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायचो. लग्नसराईत रांग लागायची.

पण दुकानात दुसऱ्याही कॅसेटी यायच्या. त्यांना छापील कव्हर नसायचं. बॉलपेननं काहीतरी लिहिलेलं, तेही अर्धं पुसलेलं. कुणाच्या आजीनं म्हटलेली कानबाईची गाणी, कुणाच्या गावच्या भारुडाचा कार्यक्रम, एखाद्या ऑर्केस्ट्राची प्रॅक्टिस. ‘भाऊ, टेप गुंतली, सोडवून द्या.’ आणि माणूस काउंटरला टेकून उभा राहायचा, दवाखान्यात उभा राहतो तसा. सिनेमाच्या गाण्यांची कॅसेट खराब झाली तर तो शिव्या देऊन दुसरी घ्यायचा. या कॅसेटला दुसरी नसायची. जगात एकच प्रत, तीही चार मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीच्या पट्टीवर. पट्टी गेली की गाणं गेलं.

आज मला या दुसऱ्या प्रकारच्या कॅसेटींबद्दल बोलायचं आहे. कंपनीनं न काढलेल्या. वाजवणाऱ्यांनी स्वतःसाठी, किंवा कुणाला तरी ऐकवून बघायला भरलेल्या. याला बाहेर ‘डेमो’ म्हणतात. घर बांधायच्या आधी आर्किटेक्ट कागदावर कच्चा नकाशा काढतो ना, तसं. गाणं कसं होईल ते कंपनीला दाखवायचं, किंवा आपल्याच लक्षात राहावं म्हणून भरून ठेवायचं. त्यात खोकला असतो, मागे कुत्रं भुंकत असतं, मधेच कुणीतरी ‘पुन्हा पहिल्यापासून’ म्हणतं.

कच्चा म्हणजे कमअस्सल, असं आपण धरून चालतो. अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीन म्हणून मोठा गायक आहे. १९८२च्या सुरुवातीला त्यानं घरी बसून, चार ट्रॅकच्या एका साध्या कॅसेट रेकॉर्डरवर काही गाणी भरली. एकटाच, गिटार आणि माउथ ऑर्गन घेऊन. ती कॅसेट तो डबीशिवाय खिशात घालून फिरत होता. आमच्या धंद्यातल्या माणसाच्या अंगावर काटा येतो हे ऐकून! मग स्टुडिओत सगळा बँड बसवून तीच गाणी थाटात वाजवून पाहिली, पण त्यात ती मजा उतरेना. शेवटी खिशातल्या त्या कॅसेटवरूनच रेकॉर्ड काढली. ‘नेब्रास्का’ तिचं नाव. त्याच्या उत्तम कामांत आज ती मोजतात. पण तो आधीच नावाजलेला होता, कंपनी त्याची वाट बघत होती. ज्याची कुणीच वाट बघत नाही, त्याच्या कॅसेटचं काय होतं, हा आपला प्रश्न.

आता मुंबईला येऊ. १९७२चा ऑक्टोबर. लेड झेपलिन या इंग्लंडच्या बँडचे दोघे, जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट, मुंबईत आले होते. त्या वेळी जगात त्यांच्याएवढा मोठा रॉक बँड क्वचितच असेल. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. तबला, सारंगी, व्हायोलिनं, सगळे आपले लोक. ते ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालं नाही. चोरून केलेल्या प्रती फिरत राहिल्या, आणि अधिकृतपणे ते लोकांपुढे आलं २०१५ साली. म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी. पण आलं. कारण ती टेप कुणाची आहे हे साऱ्यांना ठाऊक होतं. ती कुणी फेकणं शक्य नव्हतं.

त्याच मुक्कामात हे दोघे कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या डिस्कोथेकमध्ये एका रात्री वाजवून गेले. मुंबईतल्या रॉकवाल्यांमध्ये हा किस्सा आजही दंतकथेसारखा सांगतात. आता गंमत बघा. पाहुण्यांची टेप राहिली. पण त्या डिस्कोथेकमध्ये, कॉलेजांत, हॉटेलांत रोज वाजवणारी मुंबईची पोरं होती, त्यांच्या टेपा कुणी ठेवल्या?

अशी पोरं बरीच होती. १९७० आणि ७१ साली एका सिगारेट कंपनीनं ‘सिमला बीट’ नावाची अखिल भारतीय बँड स्पर्धा भरवली. देशभरातून बँड आले, निवडकांच्या दोन एल.पी. निघाल्या. निघाल्या त्या सिगारेटच्या जाहिरातीपायी. संगीताच्या कंपन्यांना या पोरांत रस नव्हता. तबकड्या काढणाऱ्या कंपन्या तेव्हा बोटांवर मोजण्याएवढ्या, आणि त्यांचा धंदा सिनेमाच्या गाण्यांवर. इंग्रजीत ओरडणाऱ्या, केस वाढवलेल्या पोरांची तबकडी कोण घेणार? कंपनीच्या जागी मी असतो तर मीही नाहीच म्हटलं असतं.

या पोरांतला एक तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ओळखीचा आहे हे तुम्हाला ठाऊक नाही एवढंच. नंदू भेंडे. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे या नाटकातल्या जोडप्याचा मुलगा. ‘वेल्व्हेट फॉग’ नावाच्या बँडमध्ये तो गायचा. १९७४ साली अलेक पदमसींनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ बसवलं, त्यात तो जुडास होता. १९७८ साली थिएटर अकॅडमीनं पु. लं.चं ‘तीन पैशाचा तमाशा’ केलं, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. लावणीच्या आणि नाट्यपदाच्या शेजारी त्या नाटकात रॉकचा ठेका वाजला, त्यात नंदू भेंडेंचा वाटा मोठा. आणि ज्यांनी नाटक पाहिलं नाही त्यांनी ‘डिस्को डान्सर’ तर पाहिलाच आहे. त्यातलं कृष्णाला हाक मारणारं गाणं त्यांच्याच गळ्यातलं. जळगावात ते गाणं गणपतीत किती वाजलं, त्याचा हिशेब माझ्या दुकानातल्या तुटलेल्या बेल्टांना विचारा. २०१४ साली ते गेले. बातमीत नाटकं आली, सिनेमाचं गाणं आलं. सुरुवातीचा तो बँड एका ओळीत आटोपला.

त्याच वर्तुळातला दुसरा बँड ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’. कीथ कांगा बास गिटार वाजवायचा, बँड त्यानंच उभा केलेला. मधुकर धस गायचे, नील चट्टोपाध्याय गिटारवर. सत्तरच्या दशकात मुंबईत त्यांचं नाव होतं. त्यांनी एक अल्बम ध्वनिमुद्रित केला, ‘ऑब्सेशन ७७’. तो बाजारात यायला १९८१ उजाडलं. तोवर बँड विखुरलेला, लोकांच्या आवडी बदललेल्या. कुणी विचारलं नाही. पुढे तीस वर्षं ती तबकडी जुन्या बाजारात, कुणाच्या कपाटात, आणि परदेशी संग्राहकांच्या कुजबुजीत राहिली. २०११ साली कॅलिफोर्नियातल्या ‘नाऊ-अगेन’ नावाच्या छोट्या कंपनीनं ती पुन्हा काढली आणि तोवर कुठेच न निघालेलं त्यांचं काही जुनं ध्वनिमुद्रणही तिच्यासोबत दिलं.

माझ्या मुलीनं पुण्याहून मला ते पाठवलं. मी दोनदा ऐकलं. खरं सांगू का, सगळंच काही फार भारी नाही. काही गाणी सरळसरळ परदेशी गाण्यांच्या नकला आहेत. पण काही ठिकाणी गिटार असा उठतो की मी हातातलं सोल्डरिंग बाजूला ठेवलं. आवाज फाटलेला, मुद्दाम फाडलेला. माझ्याकडे आयुष्यभर लोक अ‍ॅम्प्लिफायर घेऊन यायचे, ‘भाऊ, आवाज फाटतो.’ आणि ही पोरं पैसे देऊन आवाज फाडून घेत होती! जसा पाहिजे तसा फाडायला कौशल्य लागतं, हे माझ्यासारख्या मिस्त्रीला पटकन कळतं.

पण माझं मन अडकलं ते दुसऱ्याच ठिकाणी. ही रेकॉर्ड पुन्हा निघाली ती तीस वर्षांनी. तीस वर्षं म्हणजे माणसाचं काय उरतं आणि काय जातं? उलटं उदाहरण सांगतो. चरणजित सिंग. मुंबईत सिनेमाच्या गाण्यांना वाजवणारे, लग्नकार्यात ऑर्केस्ट्रा घेऊन जाणारे कलाकार. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची तीन नवी यंत्रं घेतली आणि त्यांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एच.एम.व्ही.नं तबकडी काढली, ती कुणी घेतली नाही. पाच वर्षांनी शिकागोत त्याच यंत्रातून निघणाऱ्या तशाच आवाजाचं नृत्यसंगीत गाजायला लागलं. त्याच्या आधीच ते मुंबईत होऊन गेलंय याची तिकडे कुणाला खबर नव्हती. एका डच संग्राहकाला ती तबकडी भारतात सापडली, त्यानं २०१० साली ती पुन्हा काढली. चरणजितजी तेव्हा सत्तरीत होते, पण होते. सत्तरीतला हा माणूस युरोपात मंचावर उभा राहून, पंचविशीतल्या पोरांपुढे तेच राग वाजवून आला. २०१५ साली ते गेले. सापडणं पाच वर्षं उशिरा झालं असतं तर? तबकडी तीच राहिली असती, टाळ्या घ्यायला माणूस नसता.

आणि घरातलीच गोष्ट घरात माहीत नसते. रूपा बिस्वास या बंगाली बाई. १९८२ साली कॅनडात त्यांच्या आवाजात ‘डिस्को जॅझ’ नावाची तबकडी भरली गेली. ती चालली नाही. त्या संसाराला लागल्या. आईची अशी तबकडी आहे हे मुलाला मोठेपणी कळलं. २०१९ साली ती अमेरिकेतून पुन्हा निघाली. आता जगभर लोक ऐकतात.

तुम्ही म्हणाल, भाऊ, मुंबई-कॅनडाचं काय सांगता, आपल्याकडचं सांगा. सांगतो. आपल्या खानदेशाला हे सापडणं-हरवणं नवं नाही. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यांवरून जुनी दप्तरं मिळवायचे. वाळवी, उंदीर, आणि दप्तर दाखवायला नाही म्हणणारा मालक, तिघांशी झगडायचे. त्यातून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड झाले. १९२६च्या शेवटच्या दिवशी ते धुळ्यातच वारले आणि त्यांचा संग्रह सांभाळायला धुळेकरांनी मंडळ काढलं. त्याच धुळ्यात शंकरराव देवांनी समर्थ संप्रदायाची बाडं गोळा करून समर्थ वाग्देवता मंदिर उभं केलं. मी उमेदवारीत असताना या दोन्ही इमारतींवरून सायकलनं जायचो. कागद जपायची अक्कल या गावाला शंभर वर्षांपूर्वी होती, हे तेव्हा लक्षात यायचं वय नव्हतं.

आणि आपल्या जळगावच्या बहिणाबाई. त्यांना लिहिता येत नव्हतं. शेतात, चुलीपुढं, जात्यावर त्या गात गेल्या. सोपानदेवांनी आणि मावसभावानं ते उतरवून ठेवलं. १९५१ साली त्या गेल्या. मग सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ साली पुस्तक निघालं. एक वही! ती वही चुलीत गेली असती तर आज विद्यापीठाला कुणाचं नाव दिलं असतं? पण बघा, वहीनं शब्द वाचवले. सूर नाही वाचला. आपण गुणगुणतो त्या चाली वसंत पवारांनी ‘मानिनी’ सिनेमासाठी बांधलेल्या. गोड आहेत, वाद नाही. पण आसोद्याच्या लेकीचा तो स्वतःचा गळा, तो हेल, कुठे श्वास घ्यायची आणि कुठे ओढायची, ते गेलं. कागदाला ते धरता येत नाही. टेपला येतं.

आता मी जरा जपून बोलणार आहे. ज्यांच्याबद्दल बोलतोय त्या इथेच बसल्या आहेत आणि त्यांनी परवानगी दिली आहे.

या स्मरणिकेसाठी जुने फोटो गोळा करताना बी विंगमधल्या एका वहिनींनी मला खोकं दिलं. म्हणाल्या, ‘भाऊ, यात ह्यांच्या कॅसेटी आहेत, चालतात का बघा, नाहीतर भंगारवाल्याला द्या.’ ह्यांच्या म्हणजे आपल्या साहेबांच्या. नाव घेत नाही, पण सगळ्यांना कळलं. बँकेत होते, तीन वर्षांपूर्वी गेले. आपल्या सोसायटीचे हिशेब त्यांनी किती वर्षं तपासले! वार्षिक सभेत सव्वाशे रुपयांचं व्हाउचर सापडत नाही म्हणून चाळीस मिनिटं सभा थांबवणारे. हसा, हसा, मीही तेव्हा चिडलो होतो.

खोक्यात वीस-बावीस कॅसेटी. भीमसेन, मुकेश, गीतरामायण, जे असतं ते. आणि एक साठ मिनिटांची, कव्हर नसलेली. वर निळ्या बॉलपेननं त्यांच्या त्या हिशेबाच्या अक्षरात लिहिलेलं, ‘प्रॅक्टिस. पुसू नये.’ आणि मागच्या कडेच्या दोन्ही चौकोनी टिकल्या मोडलेल्या. कॅसेटवर चुकून दुसरं काही भरलं जाऊ नये म्हणून या टिकल्या मोडतात. कंपनीच्या कॅसेटला त्या नसतातच, पण कोऱ्या कॅसेटच्या टिकल्या सहसा कुणी मोडत नाही, कारण पुन्हा भरायची असते. मोडल्या म्हणजे माणसानं ठरवलं होतं.

आत प्रेशर पॅड गळून पडलेला. म्हणजे टेपला हेडवर दाबून धरणारा तो इवलासा नमद्याचा तुकडा. तो नसला की आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो. स्क्रूची जुनी कॅसेट उघडून तिच्यात ही टेप बसवली, हेडचा कोन जुळवला आणि लावली.

तीन पोरं. एक गिटार, एक हार्मोनियम, आणि तिसरा लग्नाच्या बँडमधला साइड ड्रम बडवतोय. धुळ्यातली कुठली तरी खोली, एस.टी.चा हॉर्न ऐकू येतो. आधी सिनेमाची दोन गाणी, तीही धड नाहीत. मग कुणीतरी म्हणतं, ‘आता आपलं.’ आणि तीन गाणी त्यांची स्वतःची. दोन मराठी, एक अहिराणी. अहिराणी गाण्याला असा ठेका धरलाय, मंडळी, की मला अ‍ॅटॉमिक फॉरेस्टचा तो फाटका गिटार आठवला. यांच्याकडे आवाज फाडायचं यंत्र नव्हतं, म्हणून गाणाऱ्यानं गळाच फाडलाय. गाणारे आपले साहेब! सव्वाशे रुपयांच्या व्हाउचरवाले.

वहिनींना बोलावलं. ऐकलं त्यांनी. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, ‘त्यासनी माले कधी सांगं नही.’ चाळीस वर्षांच्या संसारात नवरा गाणी करत होता हे सांगितलं नाही. पण टिकल्या मोडून ठेवल्या होत्या.

वहीतल्या जुन्या पत्त्यांवरून ड्रमवाले गृहस्थ सापडले, सुरतेला असतात. फोनवर गाणं ऐकवलं तर आधी ‘मी नाहीच तो’ म्हणाले, मग दुसरं कडवं स्वतःच म्हणायला लागले. त्यांच्याकडून साल कळलं, १९८०. हार्मोनियमवाल्याचं नाव कळलं, तो गेला. शब्द कुणाचे, चाल कुणाची, हेही कळलं. आणखी दोन-चार वर्षं थांबलो असतो तर ती कॅसेट म्हणजे ‘अज्ञात कलाकार’ झाली असती.

पुढचा प्रश्न माझ्या डोक्यात होता आणि वहिनींनी तो आधी विचारला. ह्यांनी कुणाला ऐकवलं नाही, मग आपण ऐकवावं का? परदेशात यावर मोठे वाद होतात. कलाकार गेल्यावर घरचे किंवा कंपनी त्याची अर्धवट गाणी विकायला काढतात. त्याला ती आवडली नसती असं चाहते म्हणतात, आणि बरेचदा ते खरं असतं. माझं मत असं, की जपणं वेगळं आणि वाजवणं वेगळं. जपायला कुणाची परवानगी लागत नाही. वाजवायला लागते. ‘पुसू नये’ लिहिणाऱ्यानं जपायचं काम तर आपल्यावर टाकलेलंच आहे. वाजवायचं वहिनींनी आणि सुरतेच्या काकांनी ठरवायचं. काका म्हणाले, सगळं वाजवा. वहिनींनी आठवडाभर विचार केला. म्हणाल्या, ‘दोन वाजवा. तिसरं मना घरमा ऱ्हाऊ द्या.’

तिसरं त्यांच्या घरी आहे. पहिल्या दोनांतलं अहिराणी आता ऐकवतो. आवाजात खरखर आहे, ती मी मुद्दाम फार काढली नाही. खरखर काढायला गेलं की श्वासही निघून जातो.

(इथे गाणं ऐकवण्यात आलं. त्यानंतर सभागृहाच्या आग्रहाखातर पुन्हा एकदा.)

बसा, बसा. दोन कामाच्या गोष्टी सांगतो आणि संपवतो.

तुमच्या माळ्यांवर अशा कॅसेटी आहेत. आहेतच. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा टेप घरोघरी होता. पहिल्या गणपतीला गच्चीवर झालेला कार्यक्रम कुणीतरी भरून घेतला होता हे मला नक्की आठवतं, कारण मायक्रोफोनची वायर माझी होती. ती कॅसेट कुणाकडे आहे, शोधा.

सापडली की लगेच लावू नका. पंधरा वर्षं बंद पडलेल्या टेपमध्ये तर मुळीच नाही. त्याचा रबरी पिंच रोलर चिकट झालेला असतो, तो टेप खातो. आधी खिडकीतून आत बघा. टेपच्या गुंडाळीवर पांढरी पूड दिसली तर ती बुरशी. ती कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा, हात धुवा, पाण्यानं पुसू नका. टेप सैल असेल तर पेन्सिल घालून हळू फिरवा. टिकल्या शाबूत असतील तर आधी मोडा. चुकून लाल बटण दाबलं गेलं की काही उरत नाही. माळ्यावरून खाली कपाटात आणा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसापर्यंत जातो, आणि पत्र्याखालचा माळा त्याच्याही वर. परदेशात चिकट झालेल्या जुन्या रीळच्या टेपा तज्ज्ञ लोक मोजून-मापून पन्नासेक अंशांवर शेकतात, असं कुठेतरी वाचून कुणी आपली कॅसेट गच्चीवर ठेवायला जाईल. तसलं काही करू नका. त्यांच्याकडे भट्टी असते, आपल्याकडे फक्त ऊन आहे.

कॉम्प्युटरवर घेताना साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, त्याला शॉर्टकट नाही. गोलानी मार्केटमध्ये स्वस्तातली यंत्रं मिळतात, ती घेऊ नका, त्यांचा वेग डळमळतो. मूळ प्रत ‘वेव्ह’ फाइलमध्ये ठेवायची, एमपी थ्री फक्त व्हॉट्सअ‍ॅपला. एक प्रत तुमच्याकडे, एक सोसायटीच्या कपाटात, एक गावाबाहेर राहणाऱ्या मुलाकडे. आणि सगळ्यात आधी, फाइलच्याही आधी, वहीत लिहायचं: कोण गातंय, कोण वाजवतंय, कुठे, केव्हा, गाणं कुणाचं. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला शेजारी बसवून लिहायचं, आणि ते याच दिवाळीच्या आत.

कमिटीनं मला ऑफिसच्या शेजारची खोली दिली आहे. दर रविवारी सकाळी दहा ते एक. माझ्याकडे दोन डेक चालू अवस्थेत आहेत, बेल्ट मिळेनासे झालेत, म्हणून एका घरच्या दहापेक्षा जास्त कॅसेटी एका वेळी घेणार नाही. पैसे नाहीत. खोक्यावर फ्लॅट नंबर लिहा, मोबाइल नंबर लिहा, आणि आतल्या कुठल्या कॅसेटला तुमच्याखेरीज कुणी ऐकू नये असं वाटत असेल तर तिच्यावर लाल चिकटपट्टी लावा. ती मी आवाज बंद ठेवून, सुई बघत उतरवून देईन.